वारणेकाठचा भीमा आणि वाशीची टोळी

१ ऑगस्टला आमच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव अण्णाभाऊ साठेंचे बॅनर लागतात, डीजे वाजतो. अण्णाभाऊंना आपण लोकशाहीर म्हटले, साहित्यरत्न म्हटले. पण पोटासाठी गाव सोडून पायी निघालेला माणूस म्हणून त्यांना वाचायचे आपण विसरलो, असे आमचे स्पष्ट मत आहे. (ते लाल बावट्याचे की निळ्या झेंड्याचे, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, एवढे पुरे.)

१९२० साली वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मातंग कुटुंबात जन्म. लहानपणी वडिलांबरोबर चालत मुंबई. मिळेल ते काम, गिरणी, मग घाटकोपरचे चिरागनगर. हे आयुष्य माहीत असेल तर 'स्मशानातील सोनं' मधला भीमा कुठून आला, हे विचारावे लागत नाही. तोही वारणेकाठचाच. अंगात हत्तीचे बळ, पण मुंबईत काम नाही. खाणीवर काम मिळते, खाण बंद पडते, आणि तो मढी उकरून सोने शोधू लागतो. प्रेताच्या जबड्यात अडकून बोटे जातात, तेव्हा बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली!

बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना फटकारले. ते आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. पण गाव सोडून जायचे कुठे, आणि तिथे आपल्या हातांचे काय होते? भीमा ते दाखवतो. बाहेरून पाहणाऱ्या लेखकाला तो दिसला असता, पण कणव म्हणून.

आज गंमत पाहा. ज्या वाळव्यातून अण्णाभाऊ निघाले, त्याच सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात आमच्या वाशी, भूम, कळंबची माणसे दरवर्षी कोयता घेऊन जातात. मुकादमाची उचल, उसाच्या पाचटाची कोपी, पोरांची बुडालेली शाळा. यावर अहवाल निघतात, बातम्या येतात. कोपीत वाढलेल्याने लिहिलेली कादंबरी किती जणांनी वाचली आहे?

आमच्या अभ्यासवर्गात एक पोरगा आहे. आईबाप वाळव्याकडे तोडीला. 'स्मशानातील सोनं' वाचून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग वही काढून विचारले, "दादा, मुकादमाचं खरं नाव लिहिलं तर चालंल का?"