आधी फाइल बघा

शब्द जोडा, शोधा, काढा, यादी दाखवा: असा चार पर्यायांचा मेनू आणि मागे एक टेक्स्ट फाइल. पायथन शिकणारे बरेच जण हा प्रोग्रॅम कधी ना कधी लिहितात आणि तो तपासायला आपल्यापैकी कुणाकडे तरी येतो. तपासणाऱ्याचे लक्ष सवयीने आधी व्हेरिएबलच्या नावांकडे जाते, मग स्पेसिंगकडे (ते काम फॉरमॅटरला द्यावे, त्याला पगार लागत नाही), मग 'लिस्टऐवजी सेट वापर' या सूचनेकडे. सूचना चूक नाही. पण हजारभर शब्दांच्या यादीत तो फरक कुणाला जाणवतही नाही. आमची तक्रार या क्रमाबद्दल आहे.

शब्द काढण्याचे फंक्शन उघडून बघा. बहुतेक वेळा तीच फाइल 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडून उरलेले शब्द पुन्हा लिहिलेले असतात. या मोडमध्ये फाइल उघडताक्षणी रिकामी होते. त्यात एन्कोडिंग दिलेले नसेल, तर विंडोजवर पायथनच्या बऱ्याच आवृत्त्या सहसा सीपी-१२५२ धरतात. त्यात देवनागरी बसत नाही. पहिलाच मराठी शब्द लिहिताना एरर येते आणि तोवर जुनी यादी गेलेली असते. लिनक्सवर किंवा मॅकवर हाच कोड बिनबोभाट चालतो, म्हणून तपासणाऱ्याला काहीच खटकत नाही. उपाय दोन-तीन ओळींचा आहे: यूटीएफ-८ स्पष्ट लिहायचे, त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल पूर्ण लिहून ती बंद करायची, मग 'ओएस.रिप्लेस'ने जुनीच्या जागी आणायची.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे 'शब्द यादीत दिसतो, पण शोधला की सापडत नाही'. 'रीडलाइन्स'ने आणलेल्या प्रत्येक शब्दाला शेवटी न्यूलाइन चिकटलेली असते. गंमत म्हणजे फाइलमधला शेवटचा शब्द बरेचदा सापडतो, कारण त्याच्यापुढे न्यूलाइन नसते. आणि त्याच कारणाने पुढे जोडलेला नवा शब्द त्याला चिकटून 'पाऊसआभाळ' तयार होतो.

मराठी यादी असेल तर आणखी थोडे खोलात जावे लागते. 'दऱ्या'मधला ऱ एका कोडने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता जोडूनही. दिसायला दोन्ही सारखे. सेट मात्र ते दोन वेगळे शब्द मोजतो. एनएफसी नॉर्मलायझेशनने हे जुळते. र, हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर असे लिहिलेले रूप मात्र त्यानेही जुळत नाही; ते वेगळे हाताळावे लागते. 'सॉर्टेड'चेही तसेच: युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर आणि व च्या आधी येतो, म्हणून 'काळ' हा 'कावळा' आणि 'काहूर' यांच्याही आधी छापला जातो. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो. नवशिक्याने हे पहिल्याच प्रयत्नात सोडवावे अशी अपेक्षा नाही. तपासणाऱ्याला ते माहीत असावे, एवढी नक्कीच आहे.

एकाच कोडवर पंचवीस कमेंट टाकणारा तपासनीस आम्हाला मेहनती वाटत नाही. शिकणारा त्यातल्या सोप्या दहा दुरुस्त करतो आणि यादी पुसणारी ओळ तशीच राहते. त्यापेक्षा चूक दाखवणारे एखादे इनपुट द्या, 'हे चालवून बघ, मग फाइल उघड' एवढेच लिहा. पुढच्या वेळी असा कोड हाती आला, तर पहिल्या फेरीत फक्त फाइलबद्दल बोला. नावे आणि सेट दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.