पाटाच्या काठाची वाट

सहलीत एक प्रसंग हमखास घडतो. मुले आईवडिलांना आग्रहाने बरोबर नेतात आणि डोंगराच्या पायथ्याशी म्हणतात, ‘‘बाबा, तुम्ही इथेच बसा. आम्ही वर जाऊन येतो.’’ कधी याच्या उलट घडते. मुलांचा हिरमोड नको म्हणून बाबा गुडघ्याची कळ लपवून चढतात आणि उतरताना मात्र पाय साथ देत नाहीत. दोन्हींच्या मुळाशी चूक एकच. वाट निवडताना ज्येष्ठांना कोणी विचारलेलेच नसते.

अटलांटिक महासागरातील मदेरा या पोर्तुगीज बेटाचे उदाहरण घेऊ. जगभरचे पदभ्रमणप्रेमी येथे येतात. समुद्रातून थेट वर उठलेल्या या बेटाचे सर्वोच्च शिखर, पिको रुइवो, १,८६२ मीटर उंच आहे. पिको दो अरिएरो या १,८१८ मीटर उंचीच्या शिखरापर्यंत मोटार जाते. तेथून पिको रुइवोकडे जाणारी वाट देखणी असली तरी पायऱ्यांच्या चढउतारांची आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

परंतु याच बेटावर दुसऱ्या प्रकारच्याही वाटा आहेत. बेटाच्या उत्तरेस पाऊस विपुल, दक्षिणेस कमी. उत्तरेचे पाणी दक्षिणेच्या शेतांना मिळावे म्हणून पंधराव्या शतकापासून तेथील लोकांनी डोंगरउतारांवर पाट खोदले. त्यांना ‘लेवादा’ म्हणतात. कोकणात बागांना पाटाचे पाणी देतात, त्याच जातीची ही रचना. पाणी संथ वाहावे म्हणून पाटाला उतार अगदी अल्प ठेवलेला असतो. त्यामुळे त्याच्या काठाची पाऊलवाटही जवळजवळ सपाट असते.

रिबेइरो फ्रियो या गावापासून बालकोइशच्या सज्जापर्यंत जाणारी वाट अशीच आहे. जाऊन-येऊन सुमारे तीन किलोमीटर. आकाश निरभ्र असेल तर सज्जावरून तीच उत्तुंग शिखरे समोर दिसतात. सर्वच लेवादा मात्र सोप्या नाहीत. काहींच्या एका बाजूस खोल दरी असते. काल्देइरांव वेर्देच्या वाटेवर अंधारे, ओलसर बोगदे लागतात. वाटेचे नाव, लांबी, कठडे आणि ती त्या दिवशी खुली आहे की नाही, हे आधी पाहावे. दरडी किंवा वणव्यांमुळे वाटा बंद ठेवल्या जातात.

तयारी घरापासूनच करावी. निघण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्याच परिसरात सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर चालून पाहा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. गुडघा सुजला किंवा दुखला नाही, तर अंतर आपल्याला मानवले असे समजावे. चढताना दम लागतो, म्हणून आपण चढाला भितो. गुडघ्यांवर अधिक भार पडतो तो उतरताना. एका गुडघ्याचे दुखणे असेल तर काठी विरुद्ध हातात धरावी. वाचनाचा भाग खाली असलेल्या चष्म्यातून पायरी अस्पष्ट दिसते. चालताना दूरचे पाहण्याचा स्वतंत्र चष्मा वापरता येईल का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

उतारवयात तहान मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. औषधे विमानात हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत. लांबच्या प्रवासात अधूनमधून उठावे, घोटे हलवावेत आणि पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीसाठी राखावा. उंचीबरोबर गारवा वाढतो. फुंशालमध्ये ऊन असले तरी डोंगरावर ऊबदार कपडा लागतो.

चालताना बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. छातीत दडपण, घेरी, थंड घाम किंवा थांबूनही न शमणारी धाप जाणवली, तर तेथेच बसावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

सोबत्यांना एक विनंती. ‘जमेल ना?’ असे विचारू नका. त्याला ‘जमेल’ हेच उत्तर येते. ‘आता किती दुखते आहे?’ असे विचारा. परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा आणि ‘आता मागे फिरू’ असे ज्येष्ठांनी म्हणताच कोणतीही समजूत न घालता सर्वांनी मिळून मागे फिरा. आणि ज्येष्ठहो, आपणही ते वेळेवर म्हणा. सज्जा दोनशे पावलांवर राहिला तरी चालेल. पाटाचे पाणी वाटभर आपल्या सोबत वाहतच असते.