नांगराची दिशा कोण ठरवतो?

उताराला आडवी नांगरट करावी, हा उपदेश कोरडवाहू महाराष्ट्र कित्येक पिढ्या ऐकत आला आहे. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, १९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. तरीही दर पावसाळ्यात ओढे गढूळ वाहतात आणि शेतकरी अडाणी आहे, हा सरकारी निष्कर्ष कायम राहतो. हा निष्कर्ष सोयीस्कर आहे, म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

धूप म्हणजे केवळ माती कमी होणे नव्हे. पावसाचा थेंब उघड्या ढेकळावर आदळतो, ढेकूळ फुटते आणि कण सुटे होतात. पातळ थराने पसरून वाहणारे पाणी त्यांतले बारीक कण आधी उचलते. चिकण कण आणि सेंद्रिय द्रव्य जाते. वाळू, खडे आणि चुनखडी मागे राहतात. ओल आणि अन्नद्रव्ये धरण्याची शक्ती जाणाऱ्या कणांतच असते. पाण्याला एकदा ओघळीची वाट मिळाली की ते निवड करीत नाही, बारीक-जाड सारेच नेते. उताराला उभी नांगरट ही वाट आयतीच करून देते, कारण तिचे प्रत्येक तास हा एक पाटच असतो. सातबाऱ्यावरचे क्षेत्र तेवढेच राहते; जमीन मात्र दुसरीच होते.

मशागत बदलल्याने काय साधते हेही गुपित नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७६ पासून काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारी-शेजारी राबवण्यात आल्या. खरिपात रान मोकळे ठेवून रब्बी घेण्याच्या जुन्या पद्धतीत वर्षाला हेक्टरी ६ टनांहून अधिक माती गेली. बेताच्या उताराने रुंद वरंबे-सऱ्या पाडून पावसाळ्यातही पीक उभे ठेवले, तेथे ही हानी दीड टनाच्या आसपास राहिली.

मग शेतकरी हे का करीत नाही? उत्तर त्याच्या डोक्यात नाही, जमिनीच्या वाटणीत आहे. प्रत्येक भावाला माथ्याची हलकी आणि पायथ्याची भारी, दोन्ही जमिनींत हिस्सा हवा असतो. म्हणून पट्टे उताराला उभे पडतात. अशा अरुंद पट्ट्यात आडवे नांगरायचे तर घडोघडी वळावे लागते. वैरणीअभावी बैल विकले गेले आणि ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने येतो. ते भाडे ज्याला परवडत नाही, त्याच्या रानात लांबीनेच तास पडणार. वर रोटाव्हेटर ढेकळांचा भुगा करतो आणि पहिल्याच वळवाला तो भुगा वाहून जातो. एका वर्षाच्या खंडाने कसणाऱ्याने तर दहा वर्षांनंतरच्या मातीची काळजी कोणत्या भरवशावर वाहावी?

बांधबंदिस्तीची कथाही वेगळी नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीत भूमिहीनांनी घामाने बांध घातले. समपातळीचा बांध मालकीची हद्द ओलांडून जावा लागतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हद्दीपुढे उताराने हार खाल्ली. भारी काळ्या रानात बांधामागे पाणी तुंबले, भेगांतून बांध फुटले. मजुराच्या हाती तेवढ्यापुरती मजुरी आली. सुधारलेली जमीन ज्याची होती त्याचीच राहिली.

आता न नांगरता पेरण्याचा नवा मंत्र आला आहे. जमिनीवर काडीकचऱ्याचे आच्छादन राहिले तर धूप घटते, हे खरेच आहे. परंतु ज्या घरी कडबा हीच जनावरांची वैरण, तेथे आच्छादन आणायचे कोठून? आणि तणनाशकाने खुरपणी संपली, तर ज्या बायांची मजुरी बुडते त्यांचे काय? याचा हिशेब न मांडता केलेला प्रचार हा मातीचा नव्हे, औषधविक्रीचा प्रचार ठरतो.

सरकारने लष्कर व पोलीस यांच्याकरवी ताली-बंधारे घालून घ्यावेत, असे महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सुचवले होते. माती राखणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. त्याच तत्त्वावर कार्यकर्त्यांनी मागण्या उभ्या केल्या पाहिजेत. मशागतीचे एकक गट नंबर नसून संपूर्ण पाणलोट असावे. लगतच्या पट्ट्यांची नांगरट मालकी न मोडता एकत्र व्हावी. अवजारे सहकारी केंद्रातून, आडव्या नांगरटीचा जादा खर्च सरकारने सोसून मिळावीत. कुळाला अनेक वर्षांची हमी असावी, आणि मजुरांनी सुधारलेल्या जमिनीच्या वाढीव उत्पन्नात व साठलेल्या पाण्यात भूमिहीनांचा हक्क असावा.

हे होत नाही तोवर आडव्या नांगरटीचा उपदेश म्हणजे ज्याच्या हाती दिशा नाही त्यालाच दिशा चुकल्याचा दोष देणे होय.