चुंबक चिकटला नाही, म्हणून काय?

सुरतच्या महिधरपुरा हिराबाजारात एका दलालाने माझ्यासमोर पुडी उघडली, चिमट्यात हिरा धरला आणि निओडिमियम चुंबक त्याच्याजवळ नेला. चिकटत नाही, म्हणजे खाणीचा, हा त्याचा निर्वाळा. हाच निर्वाळा आता आपल्या सराफी पेढ्यांवरही ऐकू येतो, याची मला काळजी वाटते.

चुंबकाकडे ओढले जातात ते यंत्रात एचपीएचटी (उच्च दाब, उच्च तापमान) पद्धतीने बनवलेले काही हिरे. तिथे कार्बन वितळलेल्या लोखंड, निकेल, कोबाल्टसारख्या धातूंत विरघळवून सुमारे ५ ते ६ गिगापास्कल दाबाखाली हिरा वाढवतात. धातूचा कण आत अडकला की तो ओढ घेतो. सुरतेत मात्र सीव्हीडीचा, म्हणजे वायूतून हिऱ्याचे थर साचवण्याच्या पद्धतीचा, बोलबाला आहे. मिथेन-हायड्रोजनच्या प्लाझ्मात बीजावर थर चढतात, धातूचा द्राव लागतच नाही. त्यामुळे हा हिरा चुंबकापुढे खाणीच्या हिऱ्यासारखाच वागतो.

म्हणजे कसा? पंखा बंद करा, वाटीभर पाण्यावर थर्माकोलची चकती सोडा, तीवर हिरा ठेवा आणि चुंबक बाजूने अगदी जवळ आणा. चकती हळूच मागे सरकते. हिरा प्रतिचुंबकीय आहे.

याचे चित्र १९०५ साली पॉल लांजव्हँ यांनी मांडले. केंद्रकाभोवती उलटसुलट फिरणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांचे चुंबकत्व एकमेकांना खोडते. बाहेरून चुंबक आला की फिरत्या प्रभारावर वेगाच्या काटकोनात बल लागते: एकाच्या बाबतीत ते केंद्राकडे, दुसऱ्याच्या बाबतीत बाहेर. कक्षा तेवढीच राहते. पहिला वेगावतो, दुसरा मंदावतो. वेग बदलतो तो काटकोनातल्या या बलाने नव्हे (ते काम करतच नाही), तर चुंबकीय क्षेत्र वाढताना उपजणाऱ्या विद्युत क्षेत्राने. दोघांचा हिशेब चुकतो आणि उरलेले चुंबकत्व नेहमी बाहेरच्या क्षेत्राला विरोध करते. अणूचे खरे गणित पुंजयामिकीचे, पण सूत्र तेच येते.

इलेक्ट्रॉनांची ही जोडी खाणीतल्या आणि यंत्रातल्या हिऱ्यात सारखीच असते. तेव्हा हिरा ओढला गेला तर आत धातू असल्याचा संशय घ्या आणि तो प्रयोगशाळेत पाठवा. ओढला गेला नाही, तरीही पाठवा. प्रकाशदीप्तीचा वर्णपट पाहिल्याशिवाय बिलावर ‘नैसर्गिक’ लिहू नका.