नाके मुरडणाऱ्यांस

‘अहो, नायक काळा असो की गोरा, सिनेमा सिनेमासारखा पाहावा!’ असा शहाजोग सल्ला 2018 साली ‘ब्लॅक पँथर’ हा बोलपट आला तेव्हा पुष्कळांनी दिला. दिसावयास सल्ला मोठा उदार. पण ही उदारता सुचली केव्हा? सुपरमॅन 1938 साली कॉमिकच्या पानांवर अवतरला. तेव्हापासून एखादा अपवाद वगळता सारे महावीर गोरेच होते आणि त्या ऐंशी वर्षांत वर्णाचा विषय यांपैकी कोणी काढला नाही. पाटावर बसलेल्याला पंगतीतली जागा कधी अपुरी वाटत नाही. ती दाराशी ताटकळणाऱ्याला विचारावी.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबे हा बोलपट पाहावयास लग्नाला जावे तशी नटूनथटून गेली. अंगात आफ्रिकी वाणाचे रंगीबेरंगी कपडे, सोबत आजी आणि नातवंडे. गरीब मुलांना तिकिटे मिळावीत म्हणून लोकांनी वर्गण्या काढल्या. यावर ‘एवढे काय त्यात?’ म्हणून हसणारे हसले. ज्या पडद्याने आफ्रिका म्हणजे झोपड्या, भूक आणि भाले एवढेच दाखविले, त्यावर कधीही पारतंत्र्यात न गेलेले एक आफ्रिकी राज्य दिसले आणि राजाची धाकटी बहीण त्या राज्यातली पहिल्या प्रतीची शास्त्रज्ञ निघाली, तर त्या आजीने टाळी वाजवू नये की काय?

भक्तांशीही माझे भांडण आहे. वाकांडा हे राज्य 1966 साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघा गोऱ्या अमेरिकनांनी कल्पिलेले. बोलपटाचा 130 कोटी डॉलरांवरचा गल्ला गेला डिस्नेच्या तिजोरीत. शिवाय खरा प्रश्न विचारतो तो खलनायक किलमाँगर. विलायतेतील संग्रहालयात तो विचारतो, या वस्तू तुमच्या पूर्वजांनी मिळविल्या कशा? वाघनखे 2024 साली लंडनहून साताऱ्यास आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो प्रश्न परका वाटू नये. पण लेखकांनी त्याच माणसाला इतका रक्तपिपासू केला की प्रेक्षक उत्तर देण्यातून अलगद सुटतो. ही चलाखी मला मुळीच आवडली नाही.

आणि आपण? आपल्या सेन्सॉरने या बोलपटातला ‘हनुमान’ हा एक शब्द मुका केला. वाक्यात निंदा नव्हती, जयजयकार होता! 2017 साली ग्रेटर नॉयडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने बडविले. आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातींतले ‘गोरी हवी’ तर विचारूच नका. मुंबईत 1972 साली दलित तरुणांनी आपल्या संघटनेला पँथर हे नाव दिले ते अमेरिकेतील काळ्यांच्या पक्षावरून. त्या तरुणांना जे सहज कळले ते सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात अजून शिरावयाचे आहे.

खरे तर आम्हांला वाकांडा कल्पिण्याचे कारण नव्हते. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने खडकी वसविली, तिला नहरीने पाणी दिले. रणात तो हाती लागेना, म्हणून जहांगीर बादशहाने त्याच्या तोडलेल्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत असे चित्रच काढवून घेतले! रणात न जमलेले कुंचल्याकडून करवून घ्यावे लागले, असा तो काळा माणूस होता.

वाचकहो, या सुट्टीत पुष्कळजण मुलांना घेऊन मुरुडला जातील. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही जो दाद देईना, तो जंजिरा राखणाऱ्या सिद्दींचे पूर्वज कोठून आले होते, हे होडीत बसल्यावर त्यांना सांगणार ना?