धुक्यातील लंडन आणि कोळशाचा हिशेब

रात्रीच्या धुक्यात बुडालेले लंडन हे साहित्य आणि चित्रकला यांनी मिळून उभे केलेले एक स्वतंत्रच शहर आहे. टेम्स नदीवरचे पूल अर्ध्यावर विरघळून गेलेले, रस्त्यावरील वायुदीपांभोवती पिवळसर वलये पडलेली, पावलांचा आवाज ऐकू यावा पण माणूस दिसू नये, असे हे चित्र लंडनला कधीही न गेलेल्या मराठी वाचकाच्याही डोळ्यांसमोर चटकन उभे राहते. शेरलॉक होम्सच्या कथांच्या अनुवादांचा त्यात बराच वाटा आहे. हे सौंदर्य खोटे होते असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्याच्यामागे एक जमाखर्चाची वही आहे आणि ती उघडून पाहिल्याखेरीज त्या शहराचा इतिहास नीट उलगडत नाही. अलीकडे मुंबईत हिवाळ्याच्या सकाळी समुद्रावरचे उंच मनोरे राखाडी पडद्याआड गेलेले दिसतात आणि त्या दृश्याची छायाचित्रे कौतुकाने काढली जातात. ही वही आज पुन्हा चाळण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.

मराठी माणसाला धुके म्हटले की महाबळेश्वर किंवा पन्हाळा आठवतो. त्याच्या लेखी धुके ही स्वच्छ, ओली आणि उन्हाबरोबर निघून जाणारी गोष्ट आहे. लंडनचे धुके तसे नव्हते. नदीकाठच्या सखल जमिनीवर हिवाळ्यात साचणाऱ्या बाष्पात कोळशाची काजळी आणि गंधकाचे वायू मिसळून ते तयार होई. त्याचा रंग पिवळा, कधी तपकिरी असे, आणि वाटाण्याच्या दाट सारावरून लंडनच्या लोकांनी त्याला नावही ठेवले होते. धूर आणि धुके यांची संधी करून इंग्रजीत १९०५ च्या सुमारास 'स्मॉग' हा शब्द निघाला. मराठीत त्यासाठी वापरला जाणारा 'धुरके' हा शब्द अधिक नेमका आहे, पण तो अजून वृत्तपत्राबाहेर फारसा पडलेला नाही.

या धुरक्याचा इतिहास म्हणजे लंडनच्या इंधनाचा इतिहास होय. आसपासची जंगले विरळ होत गेली तशी लाकडाची किंमत वाढली आणि न्यूकॅसलहून गलबतांतून येणारा कोळसा गरिबांच्या चुलीत शिरला. चौदाव्या शतकाच्या आरंभीच पहिल्या एडवर्ड राजाने लंडनमध्ये असा कोळसा जाळण्यास बंदी घातली होती, पण स्वस्त इंधनापुढे राजाज्ञा टिकली नाही. १६६१ साली जॉन एव्हलिन याने लंडनच्या धुराविषयी एक पुस्तिका लिहून ती दुसऱ्या चार्ल्स राजाला सादर केली. धूर ओकणारे धंदे शहराबाहेर हलवावेत आणि शहराभोवती सुगंधी झाडेझुडपे लावावीत, अशी त्याची सूचना होती. राजाने ती ऐकून घेतली आणि पुढे काही झाले नाही. सरकारी अहवालांची गत तेव्हाही आजच्यासारखीच होती.

पाच वर्षांनी, १६६६ च्या सप्टेंबरात, मध्ययुगीन लंडन आगीत भस्मसात झाले. त्या राखेतून ख्रिस्तोफर रेन याने सेंट पॉलचे प्रार्थनामंदिर आणि पन्नासएक चर्चे उभी केली. या बांधकामाचा पैसा प्रामुख्याने लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरील करातून आला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. म्हणजे ज्या कोळशाने ते मंदिर बांधून दिले त्याच कोळशाच्या काजळीने त्याच्या पांढऱ्या दगडावर पुढील दोनअडीचशे वर्षे थर चढवले. सेंट पॉल मुळात काळे नाही, हे विसाव्या शतकातील लंडनकरांच्या कित्येक पिढ्यांना ते धुऊन निघेपर्यंत उमगलेच नव्हते. पंधरा वर्षे चाललेली शेवटची मोठी साफसफाई २०११ साली पुरी झाली.

एकोणिसाव्या शतकात ही सारी प्रक्रिया विलक्षण वेगाने वाढली. १८०१ साली सुमारे दहा लाख वस्तीचे हे शहर १९०१ पर्यंत पासष्ट लाखांच्या घरात गेले. प्रत्येक घरात एकदोन शेकोट्या आणि प्रत्येक शेकोटीचे स्वतंत्र धुराडे! रस्त्यावर वायुदीप आले तेही कोळशाच्याच आधारे. १८०७ साली पॅल मॅल रस्त्यावर गॅसच्या दिव्यांचे प्रात्यक्षिक झाले, १८१२ साली त्यासाठी सनदी कंपनी स्थापन झाली आणि कोळसा भट्टीत तापवून निघणारा वायू नळांतून शहरभर खेळू लागला. धुक्यातील ज्या दिव्याच्या वलयावर कवी भाळले तो दिवा आणि त्याला झाकोळणारा तो पडदा, दोन्ही एकाच खाणीतून निघालेले होते. कोळशावर चालणारे जगातील पहिले सार्वजनिक वीजकेंद्रही १८८२ च्या जानेवारीत लंडनच्याच होबर्न व्हायाडक्टवर सुरू झाले.

कलावंतांनी या धुरक्यातून काय घेतले ते जगजाहीर आहे. डिकन्सने 'ब्लीक हाउस'च्या आरंभी धुक्याला जवळजवळ पात्राचाच दर्जा दिला. व्हिस्लरने १८७० च्या दशकात टेम्सच्या रात्री रंगवल्या. कलावंतांनी दाखवून देईपर्यंत लंडनच्या धुक्याकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते, असा मिस्कील सिद्धान्त ऑस्कर वाइल्डने १८८९ साली मांडला. पण सर्वांत बोलके उदाहरण क्लोद मोने याचे आहे. १८९९ ते १९०१ या तीन वर्षांत तो दरवर्षी लंडनला येऊन सॅव्हॉय हॉटेलात उतरला आणि खिडकीतून दिसणारे पूल त्याने अनेक कॅनव्हासांवर पुनःपुन्हा चितारले. धुक्याविना लंडन सुंदर दिसणारच नाही, असे त्याचे मत होते. मार्च १९०० मधील एका पत्रात तो पत्नीला कळवतो की सकाळी उठून पाहिले तर धुक्याचा मागमूस नाही आणि आता सगळे काम बुडाले असे वाटले. मग हळूहळू घरोघरच्या शेकोट्या पेटल्या आणि धूर परतला. चित्रकार प्रामाणिक होता. आपल्या प्रकाशाचा पुरवठा कोठून होतो हे त्याला पुरते ठाऊक होते.

या पुरवठ्याचे बिल मात्र सॅव्हॉय हॉटेलात येत नव्हते. लंडनवर वारे बहुतांशी पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे पश्चिमेकडच्या श्रीमंत वस्तीचा धूर पूर्वेकडच्या गोदी कामगारांच्या आणि कारागिरांच्या वस्तीवर जाई, आणि तिथल्या गिरण्याभट्ट्यांचा धूर त्यात मिसळे. शहराच्या दोन अंगांमधील भाड्यात जो फरक पडला त्याला इतर अनेक कारणे आहेत. हवेची दिशा हे त्यांपैकी एक. अर्थशास्त्रात या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी केंब्रिजच्या पिगू यांनी १९२० साली आपल्या कल्याणविषयक ग्रंथात केली. धुराड्याच्या मालकाला पडणारा खाजगी परिव्यय आणि समाजाला सोसावा लागणारा सामाजिक परिव्यय यांत तफावत असते, हे सांगताना त्यांनी कपडे धुण्याच्या खर्चाचे साधे उदाहरण घेतले. धुराने काळवंडलेल्या मँचेस्टरात आणि स्वच्छ हवेच्या हॅरोगेटमध्ये कामगार कुटुंबाच्या धुण्याच्या खर्चात आठवड्याला साडेसात पेन्सांचा फरक पडतो, असे १९१८ च्या एका पाहणीत आढळले होते. हे जादा साडेसात पेन्स कोणत्याही कारखानदाराच्या ताळेबंदात दिसत नव्हते. ते कामगाराच्या बायकोच्या हातांवर आणि साबणाच्या वडीवर पडत होते.

१९५२ च्या डिसेंबरात हा हिशेब एकदम अंगावर आला. शुक्रवार, ५ डिसेंबर रोजी लंडनवर थंड हवेचा थर स्थिर झाला, त्याच्यावर उबदार हवेचे झाकण बसले आणि वारा पडला. कडाक्याची थंडी असल्याने शेकोट्या अहोरात्र पेटलेल्या होत्या. पाच दिवस तो धूर तिथेच राहिला. बसगाड्या बंद पडल्या, स्मिथफील्डच्या पशुप्रदर्शनातील जनावरे गुदमरून मेली, सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुके शिरल्यामुळे चालू संगीतिका मध्येच थांबवावी लागली. माणसे मरत होती ती मात्र घराघरांत आणि इस्पितळांत, गाजावाजा न होता. शवपेट्या आणि फुले यांचा तुटवडा पडू लागला तेव्हा लोकांना अंदाज आला. नेहमीपेक्षा चार हजार मृत्यू जास्त झाले, असा त्या वेळचा आकडा होता. पुढच्या महिन्यांतील वाढीव मृत्यू सरकारने इन्फ्लुएन्झाच्या खाती टाकले. ते खाते अभ्यासकांनी नंतर पुन्हा तपासले आणि आकडा बारा हजारांपर्यंत गेला.

यात एक तपशील असा आहे की तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. युद्धाने कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनला परकीय चलन हवे होते, म्हणून चांगल्या प्रतीचा कोळसा निर्यात होत होता. घरगुती कोळशावर नियंत्रण होते, आणि धूळमिश्रित, हलक्या प्रतीच्या कोळशावरील नियंत्रण नेमके १ डिसेंबर १९५२ रोजी उठवण्यात आले होते. गोरगरिबांनी तो घेतला आणि जाळला. चार दिवसांनी धुरके उतरले. व्यापारशेष सुधारण्याच्या धोरणाची किंमत फुप्फुसांनी चुकवली, हे विधान त्या संदर्भात अतिशयोक्त ठरत नाही.

सरकारची पहिली प्रतिक्रिया टाळाटाळीचीच होती. पण लोकमताच्या रेट्याने सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने १९५४ च्या अहवालात जुन्या आवाहनांना जे जमले नव्हते ते केले: हवेच्या दूषणामुळे देशाचे दरवर्षी सुमारे पंचवीस कोटी पौंडांचे नुकसान होते, असा आकडाच मांडला. एव्हलिनची कळकळ वाया गेली, बीव्हरचा आकडा लागू पडला. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्याचे खरे वैशिष्ट्य शिक्षेत नव्हते. जवळपास निम्मा धूर घरगुती शेकोट्यांचा होता आणि शेकोटी ही तर इंग्रज माणसाच्या घराची देवघरासारखी जागा. तिला हात घालताना कायद्याने चुली बदलण्याच्या खर्चातील सत्तर टक्के वाटा सार्वजनिक तिजोरीतून देऊ केला. अर्थात सारे श्रेय कायद्याला देणे बरोबर होणार नाही. १९६२ च्या डिसेंबरात पुन्हा शेकडो माणसे दगावली. उत्तर समुद्रात १९६५ साली नैसर्गिक वायू सापडला, तो घरोघर पोहोचला आणि मगच शेकोटी खऱ्या अर्थाने विझली.

तिच्याबरोबर बरेच काही विझले. १९८१ पर्यंत लंडनच्या जुन्या गोद्या बंद पडल्या. त्याच साली टेम्सकाठचे बँकसाइड वीजकेंद्र थांबले, १९८३ साली बॅटरसीचे. आज बँकसाइडच्या यंत्रशाळेत २००० सालापासून आधुनिक कलेचे संग्रहालय आहे, आणि बॅटरसीच्या चार धुराड्यांखाली २०२२ पासून दुकाने, कचेऱ्या व महागडी घरे आहेत. गोद्यांच्या जागी बँकांचे मनोरे उभे राहिले. हवा स्वच्छ झाली तेव्हा नदीकाठच्या जमिनीचा भाव वाढला, आणि ज्यांनी धूर गिळला त्यांच्या नातवंडांना तिथे राहणे परवडेनासे झाले, हा या हिशेबातील शेवटचा रकाना क्वचितच वाचला जातो. शिवाय शहर निर्धूर झाले म्हणून निर्विष झाले असेही नाही. मोटारींच्या धुराला ना रंग आहे ना चित्रकार. २०२० साली लंडनमधील एका बालिकेच्या मृत्यूच्या न्यायचौकशीत हवेचे दूषण हे मृत्यूच्या कारणांपैकी एक म्हणून प्रथमच नोंदले गेले. त्याआधी २०१९ मध्ये मध्यवर्ती भागात आणि २०२३ च्या ऑगस्टपासून सबंध शहरात जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर दररोज साडेबारा पौंडांचा आकार बसला. त्यावरून झालेला आरडाओरडा शेकोट्यांच्या वेळच्या आरडाओरड्याची आठवण करून देणारा होता.

मुंबईचे या कथेशी नाते आहे. धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबई इलाख्यात १९१२ सालीच कायदा झाला होता, म्हणजे लंडनच्या कायद्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधी! कायद्याची उणीव येथे कधीच नव्हती. गिरणगावातील धुराडी मात्र थंडावली ती कायद्याने नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप, गिरण्यांची दुरवस्था आणि जमिनीचे भाव यांनी ती विझवली. लोअर परळच्या एका गिरणीचे धुराडे आज बाजारसंकुलाच्या अंगणात शोभेसाठी उभे आहे. हवा स्वच्छ झाली असती तर निदान एक बाजू जमेची म्हणता आली असती. पण गिरण्यांच्या जागी उठणाऱ्या मनोऱ्यांची धूळ, वाहनांचा धूर आणि जळणारा कचरा यांनी ती जागा भरून काढली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून या प्रश्नाची दखल घ्यावी लागली आणि महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे व ओले पडदे लावण्याचे नियम काढले. पत्र्याआड काम करणाऱ्या मजुराने श्वास कोठून घ्यायचा, याची तरतूद कोणत्याही पत्र्यात नसते. बीव्हर समितीसारखा एखादा ठोक आकडा, अमुक शहराचे अमुक इतके कोटी रुपये दरवर्षी हवेत जातात असा, अंदाजपत्रकाच्या भाषणात कधी ऐकू आलेला नाही.

लंडनमध्ये अद्यापही हजारांहून अधिक वायुदीप जळतात आणि ते सांभाळणारे कामगार आहेत. २०२१ साली वेस्टमिन्स्टरच्या नगरपरिषदेने आपल्या २९९ दिव्यांच्या जागी विजेचे दिवे बसवण्याचे ठरवले तेव्हा रहिवाशांनी एवढा विरोध केला की निम्म्याहून अधिक दिवे तसेच ठेवावे लागले. त्यांत आता कोळशाचा वायू नाही. ब्रिटनमधील कोळशाचे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. हिवाळ्यातील एखाद्या रात्री टेम्सवरून साधे, पांढरे, पाण्याचेच धुके चढते आणि त्या दिव्यांभोवती पूर्वीसारखीच वलये पडतात.