औषध पखालीला

कारखान्याच्या सांडपाण्यावर यंत्राने चोवीस तास पहारा ठेवायचा, हा नियम आता जुना झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना ‘ऑनलाइन’ मापनयंत्रे सक्तीची केली. निचऱ्याच्या तोंडाशी सेन्सर, तिथून आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर, मर्यादा ओलांडली की लगेच संदेश. निरीक्षकाच्या खेपा नकोत, त्याची मनधरणी नको आणि चिरीमिरीही नको. कागदावर सारे चोख. तरीही रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्या दूषित पाण्याच्या आणि दाभोळ खाडीतल्या मेलेल्या मासळीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

यात नवल नाही. समाजातला कोणताही गुंता हा मुळात माहितीचा तुटवडा आहे आणि सरकार म्हणजे वाटेतला धोंडा, ही तंत्रज्ञान उद्योगाची लाडकी समजूत. मोडतोड झाली तरी चालेल, वेग महत्त्वाचा, हे फेसबुकचे एकेकाळचे ब्रीद. अमेरिकी सरकारच्या खर्चातून दोन लाख कोटी डॉलर छाटण्याची भाषा करणारे इलॉन मस्क मे २०२५ च्या अखेरीस सरकारी कामातून बाहेर पडले, तेव्हा त्या आकड्याच्या जवळपासही कोणी पोहोचले नव्हते. आपल्याकडेही वाहतूक असो, शिक्षण असो वा शेती, ‘ॲप काढू’ हे उत्तर प्रश्न पुरता ऐकण्याआधीच तयार असते. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा कारभार.

लोट्यात माहितीचा तुटवडा कधीच नव्हता. प्रदूषण असह्य होऊन कोतवली गावच्या सरपंचाने तिथलेच दूषित पाणी पिऊन आत्महत्येचा प्रयत्न केला. याहून थेट अहवाल कोणता सेन्सर देणार? पुढे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात लोट्याचे दुखणे तपशिलात मांडले. खेड शहराला पाणी पुरवणाऱ्या बोरज धरणात थेट विषारी सांडपाणी सोडले गेले, शहराचा पुरवठा कित्येक महिने बंद ठेवावा लागला, पण पकडले कोणीच गेले नाही. घातक सांडपाणी कूपनलिकांत जिरवल्याच्या तक्रारींचीही तीच गत. उद्योगांत ११ हजारांना काम मिळाले, तर मासळी घटल्याने २० हजारांचा रोजगार गेला, असे स्थानिकांनी समितीला सांगितले. शासनाने नेमलेला अभ्यासगट निष्क्रिय होता. सक्रिय होता तो जमावबंदीचा हुकूम. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात तो तब्बल १९१ दिवस लागू होता. म्हणजे ज्यांच्याकडे माहिती होती, त्यांनाच एकत्र यायला मनाई.

सेन्सर काय पाहतो? पाण्याचा सामू, रासायनिक ऑक्सिजन मागणी, गढूळपणा, प्रवाह. तोही जिथे बसवला तिथलाच. मुसळधार पावसाचा मोका साधून नाल्यात सोडलेले पाणी त्याला दिसत नाही, रात्रीचा टँकर दिसत नाही. ‘पीफास’ ही वर्षानुवर्षे न विघटणारी रसायने तर त्याच्या यादीतच नाहीत. इटलीतल्या विचेन्झाजवळच्या मितेनी कारखान्याने याच रसायनांनी लाखोंचे पाणी नासवले. तो २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना कैदेच्या शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि ती लोट्यात आली. सर्व नियम पाळतो, असे कंपनी सांगते. ते खरे मानले तरी जे मोजायचेच नाही, त्याबाबतच्या नियमपालनाला अर्थ किती?

यंत्रे हवीतच. पण यंत्राने दिलेला इशारा ऐकून कारखान्याच्या दारात जाणारा अधिकारी लागतो, नमुना तपासणारी प्रयोगशाळा लागते आणि वरून फोन आला तरी नोटीस मागे न घेणारी व्यवस्था लागते. हे सारे नाक्यावरच्या राजकारणापासून मंत्रालयातल्या फायलीपर्यंत पसरलेले काम आहे. ते रटाळ आहे, भांडणाचे आहे आणि त्यात नफा नाही. म्हणूनच ते कोणी ‘डिसरप्ट’ करायला येत नाही.

तेव्हा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची रिकामी पदे आधी भरा. प्रदूषणाचे ऑनलाइन आकडे लोकांसाठी खुले करा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्येच बजावले आहे. ते लोटे परिसरातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा आणि त्यांत ‘पीफास’ची स्वतंत्र तपासणी जोडा. आणि कोतवलीचे शेतकरी व खाडीतले भोई यांना बरोबरीने बसवून अभ्यासगट पुन्हा उभा करा, बंदीची आणि भरपाईची शिफारस करण्याच्या अधिकारासह. पुढची यंत्रखरेदी करण्यापूर्वी राज्य सरकारने एवढे करून दाखवावे. यातल्या बहुतेक कामांना निविदा लागत नाही. कदाचित म्हणूनच ती रखडली असावीत.